पाण्यात उतरलेला डोंगर रंगवताना

तैलरंगात निसर्गचित्र काढायला बसलेल्या बहुतेकांची तक्रार एकच असते. झाडे जमतात, आभाळ जमते, झोपडीही बरी येते. पण मागचा डोंगर पुढे येऊन उभा राहतो आणि तळ्याचे पाणी निळी सतरंजी अंथरल्यासारखे दिसते. मग रंगांना दोष दिला जातो, नाहीतर ब्रशला. खरे कारण वेगळे असते. डोंगर हिरवा आणि पाणी निळे, हे आपल्याला लहानपणापासून पाठ असते आणि आपण तेच पाठ केलेले रंगवत जातो. समोर जे दिसत असते ते निराळेच असते.

उदाहरण म्हणून भंडारदऱ्याचा जलाशय घ्या. प्रवरा नदीवर धरण बांधून तयार झालेले हे पाणी आणि भोवती सह्याद्रीच्या रांगा. ऑक्टोबरातल्या सकाळी, वारा सुटायच्या आत इथे बसलात तर आपल्या विषयाचे सगळे धडे एका जागी सापडतात. तुम्ही भोपाळला असाल तर मोठा तलाव, उदयपूरला असाल तर पिछोला, नैनितालला गेलात तर तिथले तळे. नियम सगळीकडे तेच.

आधी डोंगर पाहू. दूरच्या रांगेवरही झाडी असते, तरी ती निळसर करडी दिसते. तुमच्या आणि डोंगराच्या मध्ये कित्येक किलोमीटर हवा असते. उन्हातला निळा प्रकाश या हवेत जास्त विखुरतो आणि डोंगराच्या गडद रंगावर त्याचा पातळ पडदा चढतो. अंतर वाढेल तसा पडदा जाड होतो. पाचपट लांबची वस्तू पाचपट निळी करावी, अशा अर्थाचे लिओनार्दो दा विंचीने आपल्या टिपणांत लिहून ठेवले आहे. हिशेब ढोबळ आहे, पण दिशा बरोबर आहे.

निळा रंग मिसळला की काम झाले, असे मात्र नाही. अंतरामुळे सर्वांत आधी फिके पडतात ते गडद भाग. दूरच्या डोंगरातल्या घळी काळ्या दिसत नाहीत. त्या उजळ भागापेक्षा जेमतेम गडद असतात. शिवाय डोंगराचा पायथा माथ्यापेक्षा फिका असतो, कारण खाली दमट हवा आणि धुके साचलेले असते. डोंगर खालून विरत गेलेला दाखवलात की तो आपोआप मागे सरकतो.

मिश्रणासाठी तीन नळ्या पुरतात: टायटॅनियम व्हाइट, अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएना. आभाळाचा उरलेला रंग घ्या, त्यात थोडा अल्ट्रामरीन आणि कणभर बर्न्ट सिएना घाला. ही सर्वांत मागची रांग. त्याच ढिगात दोन्ही रंग वाढवत पुढच्या रांगांसाठी गडद छटा करत या आणि अगदी जवळच्या टेकडीत थोडा यलो ऑकर मिसळा. डोळे अर्धवट मिटून पाहा: मागची रांग आभाळापेक्षा थोडीच गडद दिसायला हवी. काळा रंग इथे नकोच. नळीतून काढलेला तयार हिरवाही नको. दूरच्या डोंगराला इतका मारक रंग दुसरा नाही.

आणि प्रत्येक डोंगर निळा करण्याचीही गरज नाही. एप्रिल-मे महिन्यांत हवेत धूळ असते, तेव्हा लांबच्या टेकड्या मातकट करड्या दिसतात. त्या दिवसांतले चित्र निळ्या डोंगरांचे केले तर ते कॅलेंडरसारखे वाटते. हिमालयातल्या दूरच्या बर्फाचे तर उलटेच. उन्हातल्या पांढऱ्या बर्फावरून येणाऱ्या प्रकाशातला निळा भाग वाटेतच विखुरतो, म्हणून लांबचे शिखर किंचित पिवळसर दिसते. त्यावर शुद्ध पांढरा लावला की ते दारात आल्यासारखे वाटते.

आता पाणी. प्रतिबिंब म्हणजे वरचे चित्र उलटे करून चिकटवणे, ही समजूत सर्वांत जास्त चित्रे बिघडवते. घरातच एक प्रयोग करा. टेबलावर आरसा आडवा ठेवा आणि त्याच्या पलीकडच्या कडेला चहाने भरलेला कप ठेवा. वरून तुम्हाला कपातला चहा दिसतो. आरशातल्या कपात तो दिसत नाही. तिथे कपाच्या कानाची खालची बाजू दिसते. म्हणजे आरसा तोच कप खालून पाहिल्यासारखा दाखवतो. आता कप वीतभर मागे सरकवा. आरशात त्याचा फक्त वरचा भाग उरेल.

तळ्याकाठी नेमके हेच होते. पाण्याला लागून असलेले झाड पुरते उलटे दिसते, पण काठापासून मागे असलेल्या घराचे छप्परच तेवढे पाण्यात येते. पुलाची खालची बाजू, जी एरवी नजरेत भरत नाही, ती पाण्यात स्पष्ट दिसते. जवळची टेकडी प्रतिबिंबात मागच्या डोंगराला जास्त झाकते. तुम्ही धरणाच्या भिंतीसारख्या उंच जागी उभे असाल तर हा फरक आणखी वाढतो. एवढी एक गोष्ट बरोबर आली तरी, का ते न कळताही, पाहणाऱ्याला चित्र खरे वाटू लागते.

छटांचाही एक नियम आहे. पाणी सगळा प्रकाश परत पाठवत नाही आणि त्याचा स्वतःचा गढूळपणाही मध्ये येतो. म्हणून पाण्यातला गडद भाग वरच्यापेक्षा थोडा उजळ आणि उजळ भाग थोडा गडद ठेवावा. दूरवर, जिथे नजर पाण्यावरून घसरत जाते, तिथे आरसा जवळपास पूर्ण असतो. पायाशी सरळ खाली पाहिले तर पाणी जेमतेम 2 टक्के प्रकाश परतवते. तिथे आभाळ दिसत नाही. तळाचे गोटे, गवत आणि चिखल दिसतो. चित्राच्या खालच्या कडेला हे चार गोटे दाखवले की पाण्याला खोली येते. जुलैतल्या कोकणातल्या नदीचे गणित मात्र निराळे. तांबड्या गढूळ पाण्यात प्रतिबिंब क्षीण असते, पण झाडाची सावली त्यावर चक्क पडते. स्वच्छ खोल पाण्यावर अशी सावली फारशी दिसत नाही.

रंगवताना पाण्याची कड आधी पट्टीने आखून घ्या. ती तसूभर जरी कलली तरी तळे सांडते आहे असे वाटते. मग आभाळ, डोंगर आणि पाणी एकाच बैठकीत, रंग ओले असतानाच करा. डोंगरावर जो रंग लावाल तो लगेच पाण्यातही, बरोबर त्याच्या खाली ठेवा. चपट्या ब्रशने हे रंग सरळ खाली ओढा. नंतर कोरडा, मऊ, स्वच्छ पुसलेला ब्रश आडवा, अगदी हलक्या हाताने फिरवा. एकदा, फार तर दोनदा. तिसऱ्यांदा फिरवलात तर चिखल होतो.

शेवटी वाऱ्याची रेघ. पाण्यावर कुठे झुळूक फिरली की तिथले प्रतिबिंब मोडते आणि वरच्या आभाळाचा उजेड आडव्या पट्ट्यासारखा चमकतो. दोन-तीन दिवसांनी, खालचा रंग जरा आवळला की, दूरच्या पाण्यात अशी एक फिकी रेघ ओढा. तिच्यामुळे पाणी आडवे पडते. एक पुरे, फार तर दोन. पाचसहा ओढल्या की कोष्टक आखल्यासारखे दिसते.

सराव एकाच पाण्याचा केलेला बरा. कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांनी कोटीतीर्थाचा परिसर पुन्हा पुन्हा रंगवला. फ्रान्समध्ये क्लोद मोने आयुष्याच्या उत्तरार्धात जिव्हर्नीतल्या आपल्या घरच्या तळ्याची कमळे रंगवत राहिला. ती चित्रे सुमारे 250 भरतात. तुमच्या वस्तीजवळचे तळे सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी असे तीनदा, वहीच्या आकाराच्या कॅनव्हास बोर्डवर केलेत तर मोठ्या कॅनव्हासवरची पुष्कळ धडपड वाचेल.

तैलरंग पाण्यासारखे उडून वाळत नाहीत. त्यातले जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते, म्हणून घाई चालत नाही आणि पावसाळ्यात आणखी धीर धरावा लागतो. वरच्या थरात खालच्यापेक्षा तेल जास्त असावे, नाहीतर पुढे तडे जातात. वार्निशसाठी निदान सहा महिने थांबा. टर्पेंटाइन वापरताना खिडक्या उघड्या ठेवा आणि बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल घट्ट होताना उष्णता निर्माण होते आणि असा बोळा आपोआप पेटू शकतो. चिंध्या मोकळ्या हवेत एकेक पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका.