शेणाचा हिशेब

म्हैसूर जिल्ह्यातील एच. डी. कोटे तालुका नागरहोळे व बंदीपूर या अरण्यांस लागून आहे. सरपणासाठी रानात शिरावे, तर वाट हत्तींची. खनिज तेलावर विसंबावे, तर त्याचा साठा आटणारा. अशा गावांना गोठा कितपत तारील?

बंद टाकीत शेण हवेविना कुजले म्हणजे सूक्ष्मजंतू त्यातून मिथेन हा ज्वलनशील वायू निर्माण करतात. सुमारे २५ किलोग्रॅम शेणापासून एक घनमीटर वायू मिळतो. उरलेली रबडी उत्तम खत होय.

तुमकूर जिल्ह्यातील पुरा या गावी बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेने प्रथम चुलींसाठी वायू योजिला. परंतु शेण अपुरे पडले. १९८७ साली तोच वायू डिझेल एंजिनास जोडला. दिवे लागले, नळास पाणी आले, डिझेलही वाचले.

आधी शेण मोजावे, मग गावाची निकड गावासच विचारावी. हाच धडा कोटे तालुक्यासही लागू पडतो.