दोन सेलेरॉन, एक बोर्ड

आता अबिटचा बीपी ६ बघू, १९९९ सालचा. यावर सेलेरॉन प्रोसेसर दोन बसतात. खरं तर इंटेलनं हे स्वस्तातले प्रोसेसर जोडीनं चालवण्यासाठी विकलेच नव्हते! त्यांचा मल्टिप्लायर कायमचा बांधलेला, ३६६ चा असेल तर ५.५. तो हलत नाही. मग आपण बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ करतो, की झाले ५५०. ४४० बीएक्स चिपसेट १०० वर चालायलाच बनवलेला, आणि पीसीआयला तिसरा हिस्सा म्हणजे नेहमीचे ३३ च मिळतात. ताण येतो प्रोसेसरवर आणि त्याला वीज पुरवणाऱ्या कपॅसिटरवर. इतक्या वर्षांनी तेच बऱ्याचदा फुगलेले सापडतात. म्हणून आधी कपॅसिटर बदलायचे, मगच बायॉसला हात लावायचा. आणि हो, विंडोज ९८ टाकलंत तर दुसरा प्रोसेसर नुसता बसून राहील. विंडोज २००० किंवा लिनक्स घ्या.