पत्रिकेच्या कोपऱ्यातील वारली

तुळशीचे लग्न लागले, की छापखान्यांचे दिवस सुरू होतात. ह्या हंगामात आलेल्या पत्रिकांच्या ढिगातून सिल्वासाची एक पत्रिका आम्ही मुद्दाम बाजूस काढून ठेवली आहे. मखमली पुठ्ठ्याची पेटी, तिला रेशमी गोंडा, आत चार जाड पाने. एकावर गुजराती कंकोत्री, दुसऱ्यावर मराठी निमंत्रण, तिसऱ्यावर इंग्रजी, चौथ्यावर हळदीपासून स्वागतसमारंभापर्यंतचे वेळापत्रक. आणि प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात, सोनेरी शाईत, फेर धरून नाचणारी वारली माणसे.

तीन भाषांविषयी आमची तक्रार नाही. २ ऑगस्ट १९५४ रोजी पोर्तुगीजांच्या हातून सुटलेल्या ह्या गावात मराठी आणि गुजराती एकाच ओसरीवर वाढल्या आहेत. कंकोत्रीतही कुंकू आहे आणि आपल्या पत्रिकेच्या चार कोपऱ्यांसही तेच लागते. तक्रार आहे ती मराठी पानाच्या अवस्थेविषयी. 'श्रीकृपेकरून'मधील जोडाक्षर फुटलेले, 'चि. सौ. कां.'वरील अनुस्वार गळालेला. सौभाग्याची कांक्षा त्या एका टिंबावर उभी आहे, हे कोणास आठवले नसावे. इंग्रजी पानात मात्र एकही चूक नाही. घरात वाचणारे एखादे वडीलधारे माणूस असेल, तर मुद्रित त्याच्या हाती द्यावे. कागद निवडण्यास दोन दिवस लागतात, तेथे मुद्रित वाचण्यास अर्धा तास सापडू नये काय?

परंतु आम्ही थबकलो ते त्या कोपऱ्यापाशी. यजमानांनी वारली चित्र निवडले ह्याचा आम्हांस आनंदच आहे. दादरा व नगर हवेलीच्या ३,४३,७०९ लोकसंख्येत (२०११ची जनगणना) निम्म्याहून अधिक लोक अनुसूचित जमातींचे आहेत. त्यांत वारली, कोकणा आणि धोडिया प्रमुख. तेथल्या पत्रिकेवर तेथल्या भिंतीवरचे चित्र यावे, हे उचितच. मात्र जे छापले आहे तो तारप्याचा नाच, आणि तो सुगीचा. वारल्यांचे लग्नाचे चित्र निराळे: ते चौक. गेरू सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, काटकीच्या टोकाने, सवाशिणी ते काढतात. मधोमध पालघट देवी बसते. चौक लिहिल्यावाचून लग्न होत नाही. आणि लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे स्त्री. ही मूळची बायकांची कला कागदावर आणून जगापुढे नेली ती डहाणू तालुक्यातील गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी; २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पत्रिकेच्या बाजारात ह्या चित्राचे मोल काय? आयता ठसा संगणकावर ठेवलेला असतो. हवा तेवढा वापरावा, कोणास काही द्यावे लागत नाही.

ह्याच चित्रातल्या माणसांना एकेकाळी लग्नाची किंमत कशी मोजावी लागे, हे सांगितल्यावाचून आम्हांस पुढे जाता येत नाही. सिल्वासाच्या लगतच्या, तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या उंबरगाव तालुक्यात 'लग्नगडी' नावाची एक चाल होती. वारली तरुणाने लग्नापुरते कर्ज जमीनदाराकडून उचलावे आणि त्यापायी बायकोसह त्याचे वेठबिगार व्हावे. व्याज फिटत नसे, मग मुद्दलाची गोष्ट कोठली! हळद उतरण्यापूर्वी जोडपे मालकाच्या वाड्यावर राबू लागे. २३ मे १९४५ रोजी झरी येथे वारल्यांची परिषद भरली, किसान सभेच्या गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठीस नकार देण्यात आला आणि लग्नगडी सुटू लागले. गोदावरीबाईंनी ही हकीकत 'जेव्हा माणूस जागा होतो' ह्या पुस्तकात लिहिली आहे; १९७२ साली त्यास साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. वेठबिगारीच्या निर्मूलनाचा कायदा देशात १९७६ साली झाला.

लग्नासाठी कर्ज काढण्याची चाल मात्र आमच्यातही मोडलेली नाही. बँकेने दिलेले कर्ज हप्त्यांनी फिटते, हा फरक मोठा खरा. परंतु मुलीच्या बापास व्याह्यांच्या तोलाची पत्रिका काढण्यासाठी रात्रभर आकडेमोड करावी लागत असेल, तर तो कोणाच्या वाड्यावर राबतो आहे, हे त्याने स्वतःस विचारावे. आमच्या किनाऱ्यावर पूर्वी आमंत्रणास माणसे घरोघर जात, कपाळी कुंकू लावीत, अक्षत हातावर ठेवीत. पहिली अक्षत ग्रामदेवतेस, नंतर भाऊबंदांस. पोस्टकार्डावर छापलेली पत्रिका दूरच्यांपुरती असे, आणि तिच्यावरून कोणी घराची पत जोखीत नसे. आता दूरच्यांना दूरध्वनीवर चित्र धाडले जाते आणि पेटी जवळच्यांच्या कपाटात पडते.

सिल्वासाच्या यजमानांस आम्ही अभीष्टचिंतन कळविले आहे. वधूच्या धाकट्या भावाचे लग्न पुढील वर्षी आहे, असे ऐकतो. त्या वेळी साधा कागद घ्यावा आणि पेटीचे पैसे वाचतील ते जवळच्या पाड्यावरील एखाद्या चित्रकाराच्या हाती देऊन त्याच्याकडून चौक काढून घ्यावा, त्याचे नाव पत्रिकेच्या तळाशी छापावे, असेही आम्ही त्याच पत्रात लिहिले. आणि पहिल्या दहा पत्रिकांपैकी एक त्याच्या घरी, कुंकू लावून, स्वतः जाऊन द्यावी. उत्तर अजून आलेले नाही.