विश्वासाच्या करारनाम्यावर उभे राहिलेले प्रदर्शन

जॉर्ज विटेट यांनी आराखडा केलेल्या ज्या वास्तूची कोनशिला 11 नोव्हेंबर 1905 रोजी बसली, जी पहिल्या महायुद्धात लष्करी रुग्णालय म्हणून कामी आली आणि 10 जानेवारी 1922 रोजी संग्रहालय म्हणून लोकांस खुली झाली, त्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, कोनशिलेच्याच तारखेस, 11 नोव्हेंबर 2017 रोजी, ‘इंडिया अँड द वर्ल्ड : अ हिस्टरी इन नाइन स्टोरीज’ हे प्रदर्शन सुरू झाले. स्वातंत्र्याच्या सत्तराव्या वर्षाचे औचित्य साधून मुंबईचे हे संग्रहालय, दिल्लीचे राष्ट्रीय संग्रहालय आणि लंडनचे ब्रिटिश म्युझियम यांनी ते संयुक्तपणे उभारले; नमन आहुजा आणि जे. डी. हिल या दोन विद्वानांनी त्याची मांडणी रचली. टाटा ट्रस्ट्स आणि गेटी फाउंडेशन यांनी अर्थसाहाय्य दिले.

सुमारे 200 वस्तूंपैकी शंभराहून अधिक लंडनहून आल्या होत्या आणि उरलेल्या भारतातील अनेक संग्रहांतून. त्यांचे वैभव संख्येपेक्षा सान्निध्यात होते. हडप्पा संस्कृतीतील सुवर्णशृंगी वृषभ, सोपाऱ्याचा अशोककालीन शिलालेख, थाळीफेक करणाऱ्या खेळाडूच्या ग्रीक शिल्पाची रोमन काळातील संगमरवरी प्रतिकृती, मुघल लघुचित्रावरून रेम्ब्रांटने रेखाटलेला जहांगीर, या साऱ्यांना एकाच कथनात समान मानाचे स्थान मिळाले, आणि भारताचा इतिहास जगाच्या इतिहासाला समांतर वाहत नसून त्यातच मिसळलेला आहे, ही गोष्ट प्रेक्षकाला व्याख्यानाविना उमगली.

हे सान्निध्य घडवून आणणारे परिश्रम प्रेक्षकांच्या नजरेआड, दफ्तरात आणि गोदामात होतात. परक्या संग्रहातील अशी वस्तू उसनी मागताना यजमान संस्थेला आपल्या दालनाचे तापमान, हवेतील आर्द्रता, प्रकाशाची तीव्रता आणि पहाऱ्याची व्यवस्था यांचा तपशील सादर करावा लागतो. मग करारनाम्याचा मसुदा, विम्याची तजवीज, सीमाशुल्क खात्याकडील तात्पुरत्या आयातीची परवानगी आणि वाहतुकीचा बंदोबस्त या क्रमाने काम पुढे सरकते. वस्तूची प्रत्येक चीर, प्रत्येक डाग स्थिती-अहवालात नोंदवला जातो. पेटीसोबत तिच्या मूळ संस्थेचा जबाबदार माणूस प्रवास करतो. आणि मुक्कामी पोहोचलेली पेटी, आतील वस्तूला नव्या हवेची सवय व्हावी म्हणून, काही काळ न उघडताच ठेवतात. मग दोन्ही संस्थांचे तज्ज्ञ तो अहवाल हाती घेऊन वस्तू पुन्हा तपासतात आणि त्यावर सह्या करतात. मुंबईसारख्या खाऱ्या, दमट हवेच्या शहरात ही काटेकोर शिस्त पाळून दाखवणे हीच परक्या संस्थेचा विश्वास संपादन करण्याची खरी सनद होय. ती एका दिवसात मिळाली नाही: 2012 साली इजिप्तच्या ममींचे आणि 2013 च्या अखेरीस सायरसच्या मृत्तिका-लेखाचे प्रदर्शन याच वास्तूत ब्रिटिश म्युझियमच्या सहकार्याने झाले होते, आणि त्या अनुभवातून वाढलेल्या विश्वासावरच 2017 चा हा मोठा डोलारा उभा राहिला.

पुढे डिसेंबर 2023 मध्ये भारत, इजिप्त, अॅसिरिया, ग्रीस आणि रोम येथील प्राचीन शिल्पे एकत्र आणताना लंडनच्या जोडीला बर्लिनची संग्रहालये आणि लॉस एंजलिसचे गेटी म्युझियमही सहभागी झाले. सहकार्याचे वर्तुळ असे विस्तारत गेले.

या विस्ताराकडे उपनगरवासीयाने पाहावे ते परकेपणाने नव्हे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरीच्या लेण्यांत कल्याण, सोपारा, नाशिक येथील दात्यांची नावे कोरलेली आहेत, आणि तेथील नव्वदाव्या लेण्यात इ. स. 1009 व 1021 मध्ये येऊन गेलेल्या पारशी प्रवाशांनी आपली नावे पहलवी लिपीत नोंदवून ठेवली आहेत. भिन्न देशांची, भिन्न धर्मांची माणसे एका शिल्पवैभवासमोर आदराने उभी राहण्याचा रिवाज या टेकड्यांना हजार वर्षांचा परिचित आहे.

परंतु 2011 च्या जनगणनेप्रमाणे 93 लाखांहून अधिक लोकवस्तीच्या मुंबई उपनगर जिल्ह्यातील मुलुंडच्या वा बोरिवलीच्या कुटुंबाला फोर्टातील या संग्रहालयातले प्रदर्शन पाहायचे, तर सुटीचा अख्खा दिवस लोकलच्या प्रवासासह राखून ठेवावा लागतो. संग्रहालयाची फिरती बस 2015 पासून शाळांच्या दारी जात आहे, आणि तिचे मोल मी मोठे मानतो. तरीही बसमधून ज्ञान येते, मूळ संगमरवर येऊ शकत नाही. त्यासाठी तापमान, आर्द्रता आणि सुरक्षितता यांच्या आंतरराष्ट्रीय शर्ती पुऱ्या करणारे दालन अंधेरी-बोरिवलीकडे किंवा घाटकोपर-मुलुंडकडे उभे राहिले पाहिजे. महापालिका, राज्यशासन आणि अनुभवी संग्रहालये यांनी जिम्मा वाटून घेतला, तर ते अशक्य नाही. कारण करारनामा कसा करावा, पेटी कशी उघडावी आणि शब्द कसा पाळावा, हे या शहरातील संस्थांनी जगासमोर सिद्ध केलेले आहे. तीच विद्या आता उपनगरांच्या कामी लावणे, हे त्या सहकार्याचे पुढचे न्याय्य पाऊल होय.