दल्ली-राजहरा : खाणमजुरांचा संसार

भिलाई पोलाद कारखान्याच्या भट्ट्यांना लोहखनिज पुरवणारं दल्ली-राजहरा कारखान्यापासून ऐंशी-नव्वद किलोमीटर दक्षिणेला, आज बालोद जिल्ह्यात आहे. १९५९ साली भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली आणि छत्तीसगडच्या खेड्यांतली कुटुंबंच्या कुटुंबं खाणीवर आली. काही खाणींत यंत्रं होती. बाकीच्या हातखोदाईच्या, ठेकेदारांच्या हाती.

हातखाणीत नवरा-बायको जोडीनं राबत. तो पहारीनं दगड उकरी, घणानं फोडी. ती टोपली डोक्यावर घेऊन ट्रक भरी. मजुरी मालाच्या मापावर मिळे. म्हणजे तिचं बाळंतपण किंवा त्याचा ताप, दोघांच्याही कमाईला खार लागे. सकाळी बासी, म्हणजे रात्री पाण्यात भिजत घातलेला भात, मीठ-मिरची-कांद्याशी खाऊन दोघं निघत. धाकट्यांना सांभाळायला बहुधा थोरली बहीण घरी राही आणि तिची शाळा बुडे. सत्तरच्या दशकात इतक्या कष्टांचे दिवसाला तीन-चार रुपये पडत.

या मजुरांचा लढा घरातूनच उभा राहिला, हे त्याचं खरं वेगळेपण. १९७७ साली कामगारनेते शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली छत्तीसगड माइन्स श्रमिक संघ स्थापन झाला. त्याच्या पहिल्या मागण्यांत एक होती पावसाळ्याआधी झोपडी शाकारायला बांबू-बल्लीसाठी शंभर रुपयांची. त्याच वर्षी २ आणि ३ जूनला आंदोलक मजुरांवर झालेल्या पोलिसांच्या गोळीबारात अकरा जण मारले गेले. त्यांत मजूर अनसूयाबाई होत्या, एक लहान मुलगाही होता.

पुढे मजुरी वाढली, तशी पैशाला दारूची वाट फुटली. बायका पुढे झाल्या, वस्त्यावस्त्यांतून दारूबंदीची मोहीम चालली आणि हजारो मजुरांनी दारू सोडली. संघटनेनं मुलांसाठी शाळा काढल्या. वर्गणी आणि श्रमदान यांतून शहीद हॉस्पिटल उभं राहिलं; ३ जून १९८३ रोजी, गोळीबाराच्या स्मृतिदिनी, ते सुरू झालं. मजुरांचीच मुलंमुली तिथं रुग्णसेवा शिकली. जुलाबावर मीठ-साखरेचं पाणी पुरेसं असतं, उगाच सुई टोचून घेऊ नये, हे वस्तीला पटवण्याचं कामही या हॉस्पिटलनं केलं.

यंत्रांचा धोका मात्र डोक्यावर होताच. बस्तरमधल्या बैलाडिल्याच्या लोहखाणीत १९७८ साली यंत्रांपायी हजारोंचं काम गेलं होतं. यंत्र आलं की आधी टोपलीवाल्या बायका घरी बसणार, हे दल्लीत सर्वांना दिसत होतं. संघटनेनं यंत्राला सरसकट विरोध केला नाही. खोदाई आणि निवड माणसांकडे ठेवून पुढच्या कामाला यंत्र वापरावं, असा अर्धयांत्रिकीकरणाचा आराखडा तिनं हिशेबासकट मांडला आणि तो मान्य करून घेतला.