डोक्याला डोक्याचीच त्वचा हवी

मळणी यंत्राच्या पट्ट्यात वेणी अडकली की केसांबरोबर डोक्याची त्वचाही उपटून निघते. ती सुटते ठरावीक थरातून. त्वचेखालच्या चिवट पडद्याच्या आणि कवटीवरील आवरणाच्या मध्ये सैल तंतूंचा थर असतो, आणि ताण असह्य झाला की तोच फाटतो. त्यामुळे सुटलेला तुकडा पुष्कळदा केसांसकट सलग हाती येतो. दुसरीकडे, त्वचेतल्या रक्तवाहिन्या घट्ट तंतूंत जखडलेल्या असल्याने तुटल्यावरही आक्रसत नाहीत आणि वाहतच राहतात. दहा किलो वजनाच्या मुलाच्या अंगात सारे रक्त मिळून सुमारे 800 मिलिलिटर. म्हणून पहिले काम जखम दाबून धरणे. दुसरे काम तितकेच महत्त्वाचे: तुटलेला तुकडा टाकून न देणे. तो ओलसर, स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत बंद करावा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. बर्फ तुकड्याला थेट लागू देऊ नये.

हा आग्रह धरण्याचे कारण म्हणजे केसाळ, जाड आणि भरपूर रक्तपुरवठ्याची अशी त्वचा शरीरात दुसरीकडे कुठेच नाही. 1976 मध्ये मिलर आणि सहकाऱ्यांनी उपटलेली त्वचा सूक्ष्मशस्त्रक्रियेने पुन्हा जोडल्याचे प्रसिद्ध केले. 1994 मध्ये पंजाबातल्या नऊ वर्षांच्या मुलीचा यंत्रात तुटलेला चेहरा आणि डोक्याची त्वचा डॉ. अब्राहम थॉमस यांनी पुन्हा बसवली. मुलांच्या रक्तवाहिन्या बारीक असतात आणि ओढल्या गेल्याने त्यांचे आतले अस्तर फाटलेले असते. तेवढा भाग कापून, गरज पडल्यास शरीरातली दुसरी शीर मध्ये जोडून, सूक्ष्मदर्शकाखाली टाके घालावे लागतात. जोडणी मात्र प्रत्येक वेळी टिकत नाही.

अशा वेळी मांडीची पातळ त्वचा लावून जखम बंद करता येते. कवटीवरचे आवरण शाबूत असेल तर ती रुजते. मग इथेच का थांबू नये, हा प्रश्न रास्त आहे. लहान मुलाला वारंवार भूल देणे ही काही किरकोळ गोष्ट नव्हे. पण या त्वचेवर केस येत नाहीत, आणि ती पातळ असल्याने साध्या घासण्यानेही सोलवटते. ज्याला अजून सारी शाळा काढायची आहे, त्याच्या बाबतीत केवळ जखम भरली म्हणून उपचार संपले असे मानता येत नाही. ही त्वचा जीव सुरक्षित करते आणि पुढच्या कामासाठी वेळ मिळवून देते.

पुढचे काम उरलेल्या केसाळ त्वचेखाली सिलिकॉनची पिशवी बसवण्याचे. दर आठवड्याला तिच्यात थोडे सलाइन भरतात. गरोदरपणात पोटाची त्वचा वाढते तशी डोक्याची त्वचा दोन-तीन महिन्यांत वाढते आणि मग टकलावर ओढून घेता येते. केसांची मुळे वाढत नाहीत, फक्त विरळ पसरतात. तरी साधारण निम्म्या डोक्यापर्यंतची उणीव नजरेत न भरता झाकली जाते. पिशवीला जंतुसंसर्ग होतो, कधी ती त्वचा फाडून बाहेर येते, तिच्या दाबाने कवटीला खळगा पडतो, हे आक्षेप खरे आहेत. खळगा पिशवी काढल्यावर बहुधा भरून येतो. संसर्गाच्या भीतीने मात्र उपचार सोडण्याऐवजी वेळ नीट निवडावी: जखम पूर्ण भरलेली, कवटी पुरेशी टणक आणि दर आठवड्याला येऊ शकणारे पालक. म्हणूनच पहिल्या रात्रीच्या शस्त्रक्रियेतही, कडा नीटनेटक्या करण्याच्या नादात, जिवंत केसाळ त्वचा कापून टाकू नये. पुढे वाढवता येईल अशी त्वचा मुलाजवळ तेवढीच उरलेली असते.