लाल मणी यशाचा, काळा मणी मृत्यूचा: चेरोकी मणीकामामागची श्रद्धा

गेल्या महिन्यात मैत्रिणीच्या वाढदिवसासाठी मी ऑनलाइन ब्रेसलेट शोधत होते. एका ठिकाणी निळ्या मण्यांचं एक सुंदर ब्रेसलेट दिसलं. नावातच 'चेरोकी' होतं. खाली वर्णन होतं की निळा खडा वाईट नजरेपासून वाचवतो, पीस धैर्य देतं आणि जाळीचं चक्र वाईट स्वप्नं अडवतं. किंमतही खिशाला परवडणारी. 'खरेदी करा'वर बोट ठेवणार, तेवढ्यात मनात आलं, चेरोकी म्हणजे नेमके कोण? आणि ते खरंच असं मानतात का?

मग दोन-तीन रात्री मी वाचतच बसले. ब्रेसलेट बाजूलाच राहिलं.

पहिली गोष्ट कळली ती अशी की त्या वर्णनातलं फारच थोडं चेरोकींचं होतं. फिरोजा, म्हणजे तो निळा खडा, अमेरिकेच्या नैऋत्येकडच्या नवाहो आणि झुनी लोकांच्या दागिन्यांची ओळख आहे. स्वप्नं अडवणारं जाळीचं चक्र उत्तरेकडच्या मोठ्या सरोवरांजवळच्या ओजिब्वे लोकांकडून आलं. चेरोकी या दोघांपासून खूप दूरचे, आग्नेय अमेरिकेतल्या अ‍ॅपलाचियन डोंगरांतले. पंजाबची फुलकारी 'महाराष्ट्राची पारंपरिक पैठणी' म्हणून विकावी, तसलाच हा प्रकार.

मग चेरोकींचा मणी खरंच काय सांगतो?

चार दिशा, चार रंग

चेरोकींचा मूळ प्रदेश म्हणजे आजच्या नॉर्थ कॅरोलिना, टेनेसी, जॉर्जिया या राज्यांतला डोंगराळ भाग. आज त्यांचे तीन अधिकृत समाज आहेत. दोन ओक्लाहोमा राज्यात आणि एक अजूनही नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरात. त्यांतल्या सर्वांत मोठ्या 'चेरोकी नेशन'चे साडेचार लाखांहून अधिक नागरिक आहेत. म्हणजे हे कुठलं पुस्तकातलं, लोप पावलेलं जग नाही.

त्यांच्या जुन्या श्रद्धेत प्रत्येक दिशेला एक रंग आहे. पूर्व लाल, विजयाची आणि यशाची. दक्षिण पांढरी, शांतीची आणि सुखाची. पश्चिम काळी, मृत्यूची. आणि उत्तर निळी. निळा रंग पराभवाचा, संकटाचा, मनाच्या उदासीचा.

हे वाचून मला हसूच आलं. ज्या निळ्या रंगाला विक्रेता 'संरक्षण' म्हणत होता, तोच चेरोकी मंत्रांत दुःखाचा रंग आहे!

हे आज आपल्याला कळतं, त्यामागची गोष्ट मोठी रंजक आहे. सिक्वोया नावाच्या चेरोकी माणसाला इंग्रजी वाचता येत नव्हतं. पण कागदावरच्या खुणा बोलतात, हे त्यानं पाहिलं आणि कित्येक वर्षं खपून स्वतःच्या भाषेसाठी लिपी तयार केली. १८२१ मध्ये ती पूर्ण झाली. आपल्या बाराखडीसारखीच तीही अक्षरांची लिपी आहे, एका खुणेला एक पूर्ण उच्चार. आज तिच्यात ८५ अक्षरं वापरतात. काही वर्षांतच चेरोकी वैद्य आणि मांत्रिक या लिपीत आपले मंत्र वह्यांमध्ये उतरवू लागले.

१८८७ मध्ये जेम्स मूनी नावाचा अभ्यासक नॉर्थ कॅरोलिनात पोहोचला. तिथे 'स्विमर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका जाणत्या वैद्याची २४० पानांची वही त्याला मिळाली. या आणि अशाच इतर वह्यांतून सुमारे ६०० मंत्र गोळा झाले. दिशा आणि रंगांची माहिती मुख्यतः तिथूनच आली आहे.

नदीकाठी दोन मणी

या वह्यांमध्ये मणी हा निव्वळ दागिना नाही. तो भविष्य सांगतो.

चेरोकींच्या दृष्टीनं नदी म्हणजे एक 'लांब माणूस'. त्याचं डोकं डोंगरात, पाय दूर खाली सपाटीवर. तो अखंड बोलत असतो, पण त्याची कुजबुज फक्त जाणकारालाच समजते. आजारपण असो, प्रेमाचा पेच असो की मोठा सामना, माणूस पहाटे वाहत्या पाण्याकडे जायचा. या विधीचं नावच 'पाण्याकडे जाणं'. नदीला नमस्कार करणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

चेंडूचा सामना हा चेरोकींचा फार मोठा खेळ. हातात जाळीच्या काठ्या घेऊन खेळायचा, आणि इतका जोरदार की त्याला युद्धाचा धाकटा भाऊ म्हणायचे. सामन्याआधी खेळाडू नदीकाठी जमत. मांत्रिक उजव्या हाताच्या अंगठा आणि तर्जनीत लाल मणी धरी, डाव्या हातात काळा. लाल मणी म्हणजे आपला खेळाडू, काळा म्हणजे समोरचा. मंत्र म्हणता म्हणता तो बोटांतल्या मण्यांची हालचाल पाही. लाल मणी जोमात सरकला तर यश आपलं. काळा जास्त हलला तर काळजीचं कारण.

म्हणजे मण्याला अर्थ होता, पण तो ठरावीक प्रसंगातला. कोणता रंग, कोणत्या हातात, कुठल्या वेळी, समोर कोण आहे, हे सगळं मिळून तो अर्थ बनत होता. ऑनलाइन वर्णनांत नेमकं हेच गाळलेलं असतं.

आपल्या मंगळसूत्राचंच बघा ना. काळे मणी आपल्याकडे दृष्ट काढतात, सौभाग्याचे मानतात. पण तोच काळा मणी कुणी सुटा, टेबलावर ठेवलेला पाहिला तर त्याला काय कळणार?

पाठीवर विस्तव घेऊन आलेली कोळीण

चेरोकी कलेत वारंवार दिसणारं एक चित्र म्हणजे पाठीवर क्रॉसची खूण असलेला कोळी. त्याची कथा मला सगळ्यांत आवडली.

सुरुवातीला जग थंड होतं. मग एका बेटावरच्या पोकळ झाडाच्या बुंध्यात विजेनं अग्नी ठेवला. तो आणायला आधी डोमकावळा गेला आणि भाजून काळा झाला. मग घुबडं गेली, धुरानं त्यांचे डोळे लाल झाले. साप गेले, तेही काळे पडून परतले. मोठमोठे प्राणी सबबी सांगू लागले. शेवटी पाण्यावर चालणारी छोटी कोळीण म्हणाली, मी जाते. तिनं स्वतःच्या धाग्याची छोटी वाटी विणली, पाठीवर बांधली आणि तिच्यात एक निखारा ठेवून परत आली.

पाठीवर क्रॉस असलेला कोळी शंखावर कोरलेली पदकं आग्नेय अमेरिकेत उत्खननात मिळाली आहेत. ती युरोपीय लोक यायच्या कितीतरी आधीची आहेत. म्हणजे काचेचा मणी यायच्या खूप आधी हे चित्र गळ्यात रुळत होतं. आजचे चेरोकी कलाकार ते मण्यांत भरतात.

सात हा आकडाही असाच जपलेला. चेरोकींची कुळं सात: लांडगा, हरीण, पक्षी, रंग, लांब केस, निळं आणि रानबटाटा. कूळ आईकडून मिळतं, वडिलांकडून नाही. चेरोकी नेशनच्या अधिकृत मुद्रेवर सात टोकांचा तारा आहे, आणि मण्यांच्या पदकांतही तो भरपूर दिसतो.

अर्थ हरवला तो रस्त्यात

इथवर वाचताना मला वाटत होतं, आता एक मस्त यादी तयार होईल. या रंगाचा हा अर्थ, त्या नक्षीचा तो. पण पुढे जे वाचलं त्यानं ती यादी मोडीत निघाली.

चेरोकी मणीकामातली सर्वांत देखणी वस्तू म्हणजे खांद्यावरून तिरकी घ्यायची पिशवी. रुंद पट्टा, त्रिकोणी झाकण, विलायती लोकरी कापड, कडेला रेशमी फीत आणि त्यावर बारीक काचेचे मणी. कापड इंग्लंडचं, मणी व्हेनिसकडचे. हरणाच्या कातड्यांच्या बदल्यात व्यापाऱ्यांकडून हा माल यायचा. बायका पिशव्या बनवत, पुरुष मिरवत. भरताना दोन सुया लागतात. एका सुईत मणी ओवायचे आणि दुसरीनं दर दोन-तीन मण्यांनंतर टाका घालून ती माळ कापडावर बसवायची. नक्षीभोवती बहुधा पांढऱ्या मण्यांची रेघ. गंमत म्हणजे पट्ट्याच्या दोन बाजूंची नक्षी अनेकदा वेगवेगळी असते, मुद्दाम केलेली.

या पिशव्या मुख्यतः १८२० आणि १८३० च्या दशकांतल्या. मग काय झालं?

१८३० मध्ये अमेरिकेनं कायदा केला की आग्नेयेकडच्या मूळ रहिवाशांनी मिसिसिपी नदीपलीकडे जावं. चेरोकींनी कोर्टात लढा दिला, अर्ज केले, काही उपयोग झाला नाही. १८३८ च्या उन्हाळ्यात सैनिकांनी माणसांना घरांतून काढून छावण्यांत कोंडलं. मग बहुतेकांना थंडीच्या दिवसांत ओक्लाहोमाकडे चालवत नेलं, हजाराहून अधिक किलोमीटर. निघालेले सुमारे १६ हजार. त्यांतले अंदाजे ४ हजार मेले, असं सामान्यतः मानलं जातं. या प्रवासाला 'अश्रूंची वाट' म्हणतात.

मेलेल्यांत म्हातारी माणसं आणि लहान मुलं खूप होती. जिला नक्षी माहीत होती ती आजी गेली आणि जिला ती शिकायची होती ती नातही गेली. पिशव्यांची ही कला जवळजवळ संपली. ज्या उरल्या, त्या संग्रहालयांच्या काचेआड. तिथे कापडाचं, मण्यांचं वर्णन लिहिता येतं. पण 'या वळणाचा अर्थ काय?' हे विचारायला कुणी नाही.

म्हणून जुन्या पिशवीवर निळा मणी दिसला की लगेच 'हे दुःखाचं प्रतीक' म्हणणंही चूकच. मंत्रातला निळा आणि पिशवीवरचा निळा एकच होता, हे कशावरून? कदाचित त्या वर्षी व्यापाऱ्याकडे निळे मणीच चांगले आले असतील! आपल्या आज्या रांगोळी काढायच्या तेव्हा प्रत्येक ठिपक्यामागे तत्त्वज्ञान असायचंच असं नाही. छान दिसतं म्हणूनही काढायच्या.

दीडशेहून अधिक वर्षांनी मार्था बेरी या चेरोकी बाईंनी ही कला पुन्हा हातात घेतली. शिकवणारं कुणी नव्हतं. त्यांनी संग्रहालयांतल्या जुन्या वस्तू आणि त्यांचे फोटो बघून, टाका टाका समजून घेत स्वतःच शिकून घेतलं आणि मग इतरांना शिकवलं. २०१३ मध्ये चेरोकी नेशननं त्यांना 'चेरोकी नॅशनल ट्रेझर' हा मान दिला. आज पुन्हा नवे हात या पिशव्या भरतात आणि कोळिणीची, सात कुळांची कथा त्यात स्वतः ठरवून घालतात. हरवलेला अर्थ तसाच परत आला असं कुणी म्हणू शकणार नाही. नवा अर्थ मात्र भरला जातोय, आणि तो त्यांचा स्वतःचा आहे.

आणखी एक गोष्ट आहे. सगळंच हरवलं असंही नाही, काही मुद्दाम सांगितलं जात नाही. शंखशिंपल्यांच्या मण्यांनी विणलेले पवित्र पट्टे चेरोकींकडे आहेत. ते कुणालाही कधीही दाखवायची वस्तू नाहीत. मला ते पटलं. आपल्या देव्हाऱ्यातल्या सगळ्या गोष्टी आपण तरी कुठे फोटो काढून टाकतो?

विकत घेणार असाल तर

अमेरिकेत १९९० चा एक कायदा आहे. मूळ रहिवासी समाजाच्या सदस्यानं किंवा त्या समाजानं प्रमाणित केलेल्या कारागिरानं वस्तू बनवलेली नसेल, तर ती त्यांची म्हणून विकणं गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला अडीच लाख डॉलरपर्यंत दंड किंवा पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून खरा विक्रेता कारागिराचं नाव आणि त्याचा समाज स्पष्ट लिहितो. नुसतं 'चेरोकी स्टाइल' किंवा 'ट्रायबल' लिहिलं असेल तर ते चेरोकीच्या हातचं आहे असं धरू नका. आवडलं तर जरूर घ्या, फक्त तसं समजून घ्या.

आपल्याकडून तिकडे गेलेलं बी

शेवटी एका मण्याबद्दल सांगायचंच आहे, कारण त्याचं मूळ आपल्या बाजूचं आहे.

चेरोकी लोक एका राखाडी, चकचकीत बियांच्या माळा करतात. त्याला 'मक्याचा मणी' म्हणतात, कारण झाड लहान मक्यासारखं दिसतं. मका चेरोकींना पूजनीय. त्यांच्या कथेत सेलू नावाची आदिमाता आहे. तिच्या नावाचा अर्थच मका, आणि तिचं रक्त जिथे सांडलं तिथे मका उगवला. म्हणूनच या मण्याची कथाही तशीच आहे. अश्रूंच्या वाटेवर लोकांना हाकलून नेलं तेव्हा मक्याची ताटंही रडली आणि त्यांच्या अश्रूंचे हे राखाडी मणी झाले.

पण ही वनस्पती मूळची अमेरिकेची नाही, आशियाची आहे. आपल्याकडे ती कसई किंवा रानजोंधळा म्हणून ओळखतात. संस्कृत ग्रंथांत तिचं नाव गवेधुक, आणि रुद्राला तिचं पीठ वाहिल्याचे उल्लेख वैदिक ग्रंथांत आहेत. ईशान्य भारतात तिचं धान्य खातात आणि बियांच्या माळाही करतात. समुद्र ओलांडून ती अमेरिकेत पोहोचली आणि एका हाकललेल्या समाजानं तिच्या बियांना आपले अश्रू मानलं.

या बीला मधोमध निसर्गानंच भोक दिलेलं असतं. आतला देठ उपटून काढला की सरळ दोऱ्यात ओवायचं, सुईनं टोचायचीही गरज नाही. मैत्रिणीच्या वाढदिवसाला मी शेवटी अशाच बियांची, मेघालयातून आलेली एक साधी माळ दिली. तिनं विचारलं, "याचा अर्थ काय गं?" मी म्हटलं, "बस, चहा ठेवते. वेळ लागेल."